भिंतीकडे तोंड केलेला बोर्ड
ऑइलपेंटचा वास आला की राजापेठेतलं आमच्या घराचं फाटक डोळ्यांपुढे येतं. पुण्यातली नोकरी गेली होती, दुसरी मिळत नव्हती, म्हणून घरूनच दुकानदारांना सॉफ्टवेअर बनवून द्यायचं मी ठरवलं होतं. पेंटरकडून निळा बोर्ड रंगवून आणला आणि फाटकावर लावायला घेतला. रंग अजून ओला होता, बोटांना लागत होता. तेवढ्यात बाबा आतून अनवाणीच आले. "नोको लावू," ते हळू आवाजात म्हणाले. "मी साऱ्याइले सांगतलं, कंपनीनं तुले घरून काम करायले पाठवलं म्हणून. आता बोर्ड पाहून लोक काय म्हणतीन?" मी हातोडी खाली ठेवली. बाबांनी बोर्ड दाराआड भिंतीकडे तोंड करून उभा केला, तेव्हा चुन्यावर माझ्या धंद्याची अक्षरं उलटी उमटली. पुढे अकोल्याची थोडीफार कामं मिळाली. राजापेठेत मात्र कोणी विचारलंच नाही, कारण इथं सगळ्यांच्या लेखी मी नोकरीवरच होतो. मागच्या महिन्यात बाबा गेले. भेटायला आलेल्या शेजारच्या काकांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "कंपनीनं सुट्टी देली काय गा?" मी म्हणालो, "हो काका, देली."