पुस्तकात असं नाहीये!

लायब्ररी चालवणाऱ्या बाईला कधी किस्से विचारू नयेत. मेंबर पुस्तक परत करता करता काउंटरवर एखादा किस्सा ठेवून जातो, आणि तो परत न्यायला मात्र कुणी येत नाही! नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या लायब्ररीत असे ढिगानं साठलेत. त्यातले माझे लाडके म्हणजे तात्यांच्या कादंबरीचे, नव्वदच्या दशकातले.

तात्या गांगुर्डे पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. दर रविवारी एसटीनं येऊन चार रहस्यकथा न्यायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, यातला खुनी मला विसाव्या पानावर कळतो. मीच लिहू का एक?" आणि पठ्ठ्यानं खरंच लिहिली! कोल्ड स्टोरेजमध्ये सापडलेलं प्रेत आणि सायकलवर फिरून खुनी हुडकणारा मेकॅनिक. आमच्या प्रतीला तीनदा बाइंडिंग करावं लागलं. पुढे मुंबईच्या एकानं त्यावर सिनेमा काढला, तेव्हा अख्ख्या लायब्ररीची कॉलर ताठ झाली.

*

पहिल्याच खेळाला तात्यांबरोबर आम्ही बावीस मेंबर. आमच्या कुलकर्णीबाई, गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका, कादंबरी आणि टॉर्च घेऊन बसलेल्या. पडद्यावर सायकलच्या जागी जीप आली. बाई पुटपुटल्या, "पुस्तकात असं नाहीये." मेकॅनिकचा इन्स्पेक्टर झाला. बाईंनी पान बेचाळीसवर टॉर्च मारला. "पुस्तकात असं नाहीये."

शेवटी पुढच्या रांगेतला एक आडदांड गडी मागे वळला. मला वाटलं, झालं, आता भांडण. तो हळूच म्हणाला, "मावशी, मग पुस्तकात खुनी कोण हाय?"

बाईंनी टॉर्च विझवला. "मेंबर व्हा," म्हणाल्या.

*

त्याच खेळात कोल्ड स्टोरेजमधली मारामारी आली. त्याआधी प्रेत सापडलं तेव्हा थिएटर गप्प होतं. पण व्हिलननं द्राक्षांचे क्रेट उलटे केले आणि तो आणि हिरो त्या द्राक्षांवर नाचायला लागले, तेव्हा बाल्कनीपासून खालपर्यंत सगळे हळहळले. नाशिककरच ते! मागून एक शेतकरी कळवळून म्हणाला, "अरे, एक्स्पोर्टचा माल हाय तो!"

त्यावर तात्या हसले. त्या दिवशी तेवढंच एकदा.

*

कारण माई. माई म्हणजे तात्यांची बायको. शाळा चौथीपर्यंतच, पण कादंबरीचं पान न् पान तात्यांनी आधी त्यांना वाचून दाखवलेलं. त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. नवऱ्याचं नाव पडद्यावर बघायचं, एवढ्यासाठी नवी साडी नेसून आल्या होत्या. आणि पडद्यावर आलं काय, तर 'एका मराठी कादंबरीवर आधारित'. बस्स. नाव नाहीच.

"शेवटी येतं का हो?" माईंनी विचारलं. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक गेले, तरी त्या पडद्याकडे बघत बसून. झाडूवाला आला तेव्हा तात्या म्हणाले, "चल. नाय येत."

मला असा संताप आला! निर्मात्याला दोन पत्रं धाडली. उत्तराचा पत्ता नाही.

*

मग मी सलीमभाईंना गाठलं. सलीमभाई पेंटर, भद्रकालीतले. सिनेमाआधी साडीच्या दुकानांच्या जाहिराती दाखवतात ना, त्या काचेच्या स्लाइड ते रंगवायचे. कादंबरी त्यांनी तीनदा वाचलेली. मी म्हटलं, तात्यांच्या नावाची एक स्लाइड हवी. अक्षर केवढं काढू, म्हणाले. मी म्हटलं, "हिरोच्या नावापेक्षा मोठं!"

थिएटरचा मॅनेजर आमचाच मेंबर निघाला. कादंबरीच्या वेटिंग लिस्टमध्ये तो सातवा होता. मी त्याला पहिला केला.

*

सिनेमाच्या चौथ्या आठवड्यातला रविवार, मॅटिनी. तात्या-माईंना फक्त 'पुन्हा एकदा चला' एवढंच सांगितलेलं. तात्या नको नको म्हणत आले. साडीच्या दुकानाची स्लाइड गेली, फर्निचरवाल्याची गेली, आणि पडदाभर लाल अक्षरं आली:

'या सिनेमाची मूळ कादंबरी लिहिणारे आपले वामन तुकाराम गांगुर्डे, पिंपळगाव बसवंत.'

टाळ्या, शिट्ट्या! एक शिट्टी कुलकर्णीबाईंची होती, देवाशपथ. तात्या चष्मा काढून पुसत बसले. माई बोट हलवत एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या. मॅनेजरनं त्यांचं वाचून होईपर्यंत स्लाइड हलवली नाही.

मग अंधार झाला आणि सिनेमा सुरू झाला. माई उठल्या, पदर सावरला आणि तात्यांना म्हणाल्या, "चला. झालं बघून."