बसून न सांगितलेला कोरिया

कोरियाचाचांनी कोरिया बसून कधी कुणाला सांगितला नाही. चहा पाजा, पान द्या, ओट्यावर सतरंजी अंथरा. ते पेला रिकामा करायचे आणि उठायचे. "ऐकायचं आसंल तर पायतान घाला," म्हणायचे. "ती चालायची गोष्ट हाय, बसायची न्हाय." ज्याला खरंच ऐकायचं असेल तो त्यांच्यामागं डोंगराला लागायचा. नुसता वेळ घालवायला आलेला ओट्यावरच राहायचा.

आमचं गाव येरमाळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. वर पठारावर आम्हा धनगरांची वाडी, मी तिथला. चाचा खालच्या गावातले, पिंजाऱ्याच्या घरातले. तरुणपणी पुण्याकडं जाऊन फौजेत शिरले आणि जखमी उचलण्याच्या कामाला लागले. पुढं कोरियात लढाई पेटली तेव्हा आपल्याकडून दवाखान्याची पलटण गेली, तिच्यासोबत तेही गेले. परत आले ते डाव्या पायाची दोन बोटं तिकडच्या थंडीला देऊन. आले आणि पुन्हा कापूस पिंजायला बसले. नाव काय होतं ते मतदानाच्या दिवसापुरतं कुणाला आठवायचं. एरवी लहानथोर सगळ्यांचे ते कोरियाचाचा.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास चाचांचा डोंगर चांगलाच चालता होता. शाळेचे मास्तर येत, तलाठी येत, बाजाराला आलेले वाशीचे व्यापारी येत. औरंगाबादच्या कॉलेजातले माझे दोस्तही मी दोनदा आणले. आमच्या सात पिढ्यांत बी.ए. झालेला मी पहिला. हे मी सांगत आलो आहे आणि यापुढंही सांगीन. पण त्या दोस्तांनी माझ्या गावात मान दिला तो माझ्या डिग्रीला नव्हे, चाचांच्या डोंगराला.

उन्हं तापायच्या आत निघायचं. ओढ्याच्या कडेनं, सीताफळीच्या रानातून वर. चाचा पुढं, किंचित लंगडत. प्रत्येक वळणाला त्यांचा एक एक कोरिया ठरलेला. ओढ्यापाशी म्हणायचे, "हितं पानी हाय. तिकडं ह्याचा दगड व्हतो. वरनं लॉरी जाती." चढावर दम लागला की तिथल्या घरांची गोष्ट निघायची. चुलीचा धूर म्हणे जमिनीखालून नेतात आणि ऊबदार भुईवर झोपतात. फाल्गुनात पळस फुलला की ते थांबून बघत राहायचे. "त्यांचा डोंगरबी आसाच पेटतो. पन रंग गुलाबी."

भाकरी सोडायची ती झऱ्यावर. ठेचा हातावर घेतला की चाचांना हमखास तिथली कोबी आठवायची. कोबीला मीठ-मिरची चोळून रांजणात भरतात आणि रांजण जमिनीत पुरतात, हिवाळाभर खातात. "मिरचीवर आपल्यावानी जीव. मला तिथं फकस्त जेवताना परकं वाटलं न्हाय." पांढऱ्या कपड्यातले, काळ्या जाळीदार टोप्या घातलेले म्हातारे काठी टेकत डोंगर चढतात, त्यांच्या वाडवडलांच्या कबरी उतारावर, गवताच्या गोल उंचवट्यांसारख्या असतात, सगळं घर तिथं जाऊन वाकतं आणि तिथंच जेवतं. एका मास्तरांनी विचारलं, "म्हणजे डोंगर त्यांचा देव का?" चाचा म्हणाले, "देव न्हाय. घरातलं वडीलधारं मानूस."

चाचींना या सगळ्याचा कंटाळा होता. पिंजायची धुनकी कोपऱ्यात, कापसाचा ढीग तसाच आणि नवरा डोंगरावर. "लोकांकू पराए डोंगरां दिखाते फिरता," त्या आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "घरका छप्पर गळता सो नै दिखता." चाचा जाता जाता म्हणायचे, "आता आलो." येईपर्यंत दिवस कलायचा.

मी एकदाच त्यांना विचारलं, चाचा, बसून का सांगत नाही. आम्ही दोघंच होतो. ते चालता चालताच म्हणाले, "बसलो की दुसराच कोरिया येतो. उचललेली मानसं येत्यात. चालत ऱ्हायलं की डोंगर येतो." पुन्हा मी ते विचारलं नाही.

वर जायच्या वाटेवर एक खिंड होती, अरुंद आणि दगडाळ. तिथं चाचांनी दगड रचला होता. तिकडच्या खिंडीत वाटसरू दगडावर दगड ठेवून पुढं जातात, वाट सुखाची व्हावी म्हणून. तेच त्यांनी इथं केलं. तळाचे दगड चाचांनी ठेवलेले. जी माणसं त्यांच्या हातातल्या स्ट्रेचरवर दगावली, त्यांच्या नावाचे. "त्यांचीबी वाटच की," म्हणाले होते. वरचे दगड आम्हा चालणाऱ्यांचे. वर्षा-दोन वर्षांत ढीग कमरेएवढा झाला.

आणि एके दिवशी त्याला कुणीतरी शेंदूर लावला. कुणी म्हणजे आमच्या वाडीच्या सोनाबाईनं. बकऱ्यांमागं तिथनं जाताना तिनं नातवासाठी नवस बोलला आणि पोराचा ताप उतरला. झालं. नारळ फुटू लागले, हिरवी चोळी आली. गाव चाचांना चिडवायचं, "चाचा, तुमी बसवलेला देव पावतोय. पुजारी कोन, तुमी का?" चाचा हसायचे, पण शेंदराला त्यांनी कधी हात लावला नाही. निजामाचं राज्य गेलं त्या साली आमच्या भागात मुसलमान घरांवर जे बेतलं, त्याची धूळ अजून पुरती बसली नव्हती. देवाबद्दल काही बोलायची त्यांना हौस नव्हती.

आमच्या वाडीला सडक नव्हती. आजारी माणूस बाजेवर घालून त्याच खिंडीतून खाली न्यावं लागायचं. माझी थोरली वहिनी अडली तेव्हा चाचांना निरोप गेला, कारण उचलणारे पुष्कळ होते पण उचलायचं कसं ते त्यांनाच माहीत. ते आले, बाजेचा पुढचा कोपरा घेतला आणि आम्हा तिघांना म्हणाले, "पाऊल माझ्यासंगं टाका. धक्का लागला न्हाय पायजे. खिंड आली कवा, गेली कवा, निजलेल्याला कळलं न्हाय पायजे. तेच काम." आम्ही जमेल तेवढं केलं. पण ती खिंडच तशी. प्रत्येक दगडाला वहिनी कण्हत होती आणि चाचा प्रत्येक वेळी "माफ कर, बेटी" म्हणत होते. वहिनी वाचली. मूल नाही.

पुढं काही वर्षांनी सडक मंजूर झाली. खिंड फोडून वाडीपर्यंत. काम ढिगापाशी आलं आणि अडलं. मजूर शेंदराला हात लावेनात. वाडीतली अर्धी माणसं तिथं येऊन बसली. ओव्हरसिअर वैतागला. हे दगड एका पिंजाऱ्यानं रचले आहेत असं कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं चाचांना बोलावणं धाडलं. मी सुट्टीला आलेलो, मीही गेलो.

"तुम्हीच रचले ना हे?" ओव्हरसिअर म्हणाला. "मग यांना सांगून टाका, यात देव नाही."

चाचा ढिगाकडं बघत उभे राहिले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. तो ढीग राहावा असं त्या गर्दीत सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर त्यांनाच. आणि गप्प राहिले असते तर तो राहिलाही असता; सडक दुसरीकडून गेली असती, नाहीतर गेलीच नसती.

सोनाबाई म्हणाली, "चाचा, खोटं बोलू नगा बरं. तुमी रचला, आमी पुजला. माझ्या नातवाचा ताप हितंच उतरलाय."

"म्या कुठं न्हाय म्हनतो, सोनाबाई," चाचा म्हणाले. "पन मला एक सांगा. हे दगड कशापायी ठेवत्यात म्हनून सांगितलं व्हतं म्या?"

"वाट सुखाची व्हावी म्हनून."

"मग वाट आली की ती. ही काय, दारात हुबी हाय. दगडानं मागितलं ते दिलं. नवस फिटल्यावर देवाला धरून बसत्यात व्हय?"

सोनाबाईनं ओच्यातनं नारळ काढला, फोडला, पदर डोळ्याला लावला आणि बाजूला झाली. "न्या," म्हणाली.

वरचे दगड मजुरांनी उतरवले. तळाच्या दगडांना चाचांनी कुणाला हात लावू दिला नाही. एक एक उचलून त्यांनी स्वतः नेले आणि जिथं भराव चालला होता तिथं, मुरमाखाली जातील असे, नीट बसवून ठेवले. नंतर ओढ्यावर हात धुतले आणि एकटेच खाली गेले.

सडक झाली. एसटी वाडीला येऊ लागली. त्याबरोबर चाचांचा डोंगर बंद पडला. मास्तर एसटीनं जात, तलाठी एसटीनं जात. पायवाटेवर तरवड माजला. कुणी ओट्यावर येऊन "चाचा, कोरियाचं सांगा की" म्हणालं तर ते चहा घ्यायचे आणि गप्प बसायचे. पायतान घाला म्हणायचंही त्यांनी सोडलं. मी उस्मानाबादला नोकरीला लागलो. घरी आलो की ते ओट्यावर दिसायचे, धुनकीला टेकलेले. कोणता कोरिया त्यांच्यापाशी येऊन बसत असेल ते मला माहीत होतं. "चला, जाऊन येऊ वर," मी म्हणायचो. "आता न्हाय रं. पाय दमले," ते म्हणायचे. चाची म्हणायच्या, "लेके जा रे इनकू. घर में बैठके मेरा जीव खारे." ज्या बाईनं जन्मभर डोंगराला शिव्या दिल्या, ती आता त्यांना डोंगरावर न्या म्हणत होती.

शेवटी छाती भरली. चाचा तेव्हा आमच्या वाडीतच होते. एका लग्नाच्या गाद्या भरायला गेले आणि तिथंच पडले. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. एसटीच्या मागच्या लांब बाकावर त्यांना निजवलं, डोकं चाचींच्या मांडीवर. मी पायाशी बसलो. त्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत, पण मला दवाखाना फारसा आठवत नाही. एसटी आठवते.

गाडी उताराला लागली. खिंडीच्या दोन्ही बाजूंना सुरुंगानं फोडलेला खडक उघडा होता. मधून डांबरी पट्टी सरळ. गाडी नुसती घरंगळत गेली. सीताफळीचं रान मागं पडलं, ओढा मागं पडला, गावाची घरं दिसू लागली. तेव्हा चाचांनी डोळे उघडले.

"खिंड आली का रं?"

"गेली, चाचा. मागंच गेली."

ते डोळे मिटून म्हणाले, "कळलंबी न्हाय."