घोडीच्या डाव्या बाजूचा माणूस

"येऊन राहिलो, येऊन राहिलो," असं म्हटल्याशिवाय सईसबुवा कुठेच शिरत नसत. तबेल्यात तर नाहीच, पण चहाच्या दुकानात, आमच्या ऑफिसात, न्हाव्याकडेसुद्धा. वीस पावलांवरून आधी खाकरणं, मग हे शब्द, आणि मग माणूस. घोड्याजवळ गुपचूप जायचं नसतं, ते दचकतं, म्हणून ही सवय. इथवर ठीक होतं. पण एकदा मी त्यांच्यासोबत त्यांच्या खोलीवर गेलो, तर कुलूप काढता काढताही ते "येऊन राहिलो" म्हणाले. आत एक खाट, एक चूल आणि भिंतीवर दीक्षेच्या वेळी नागपूरहून आणलेली बुद्धाची तसबीर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कोणाला सांगत होते कोण जाणे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव विचारायचं राहून जातं. घोडे सांभाळणारा तो सईस, म्हणून परतवाड्यात त्यांना सगळे सईसबुवा म्हणत, आणि मीही म्हणत असे. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी जंगलखात्यात नवा रेंजर होतो आणि माझी बदली मेळघाटात वरच्या भागात व्हायची होती. वरच्या वाटांवर गाडी चालत नसे. रेंजरला घोडा लागायचाच.

मी अमरावतीचा, म्हणजे घोडा पाहिला होता तो टांग्याला जुंपलेला. बार्शीटाकळीच्या एका शेतकऱ्याकडून मी चार वर्षांची तांबूस घोडी घेतली. ती फार गरीब आहे, असं त्यानं सांगितलं होतं. माणूस खोटं बोलला नव्हता. घोडी इतकी गरीब होती की वाळत घातलेल्या धोतरालाही वचकून असायची. पहिल्याच दिवशी परतवाड्याच्या बाजारात एका मास्तरांनी छत्री उघडली, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि मी संत्र्यांच्या ढिगात जाऊन पडलो. संत्रेवालीनं आधी संत्री तपासली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात सईसबुवांना मी कामाला ठेवलं. माझ्या वरच्या साहेबांनी मुदत घालून दिली होती. दिवाळीनंतर महिनाभरात घोडी तयार झाली तर तिला घेऊन वर जायचं, नाहीतर तिला अमरावतीच्या टांगेवाल्याला देऊन टाकायची. भित्र्या घोड्याला टांगेवाला कसा सरळ करतो ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. बुवांनाही ते ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांना दमा होता, चढ झेपत नव्हता, त्यामुळे घोडी तयार झाली की ती वर जाणार आणि ते खालीच राहणार. हे मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. त्यांनी मान हलवली आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

त्यांची रीत आमच्या सगळ्यांच्या अकलेपलीकडची होती. मला वाटायचं, घोडी छत्रीला भिते तर छत्री तिच्यासमोर धरावी आणि सवय करावी. बुवांनी उलट केलं. ऑफिसच्या चपराशाच्या हातात उघडी छत्री दिली आणि त्याला पुढे चालायला लावलं. स्वतः घोडीला धरून पन्नास हात मागून निघाले. छत्री पुढे पळतेय आणि घोडी तिच्या मागे. चपराशी बिचारा कडक उन्हात नवरदेवासारखा गावभर फिरला आणि लोक त्याला आमंत्रण कधी म्हणून विचारू लागले. चौथ्या दिवशी घोडी छत्रीच्या इतकी जवळ गेली की तिनं कापड हुंगलं.

"पयणाऱ्या गोष्टीले कोनी भेत नाई, सायेब," बुवा म्हणाले. "तिले वाटू द्या का छत्रीच तिले भिऊन पयून राहिली."

छत्रीनंतर सायकल, सायकलीनंतर धोब्याची गाढवं. सगळ्यात अवघड होत्या कापसाच्या गाड्या. दिवाळी झाली की जिनिंगच्या रस्त्याला त्यांची रांगच लागायची. डोक्याच्या वर गेलेला पांढरा ढीग, हवेत उडणारे पुंजके, चाकांचा कुरकुराट. हे सारं पाहिलं की घोडीच्या अंगाला थरथर सुटायची. बुवा रोज एका गाडीवानाशी बोलून ठेवत आणि त्याच्या गाडीमागे घोडी घेऊन चालत. मी पाठीवर बसलेला, ते डाव्या बाजूला, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. तिच्याशी ते सगळं बोलत. भाकर करपली ते, रात्री छातीत घरघर झाली ते, मंगळवारी बायको स्वप्नात आली ते. माझ्याशी मात्र कामापुरतं.

एकदा मीच विचारलं, हे घोड्यांचं वेड कुठून लागलं? त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. तरुणपणी ते एका देशमुखांकडे घोडे सांभाळत. घोड्याला त्यांच्यावाचून कोणी चालत नसे आणि घरच्या माणसांना ते ओसरीवर आलेले चालत नसत. आपण येतोय हे त्यांना लांबूनच ओरडून सांगावं लागे, म्हणजे लोक बाजूला होत. मला एकदम ते "येऊन राहिलो" आठवलं. ती सवय घोड्यांनी लावली की माणसांनी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

"घोड्यानं मले कदी दूर हो म्हनलं नाई," एवढंच ते म्हणाले आणि खरारा घेऊन घोडीचं अंग घासायला लागले.

कार्तिक अर्धा सरला. घोडी कापसाच्या गाडीशेजारून शांतपणे जाऊ लागली. मी खूश. एका सकाळी बुवांना न सांगता मी तिला एकटाच घेऊन निघालो. पहिली गाडी दिसली आणि घोडी थांबली. पुढे जाईना, मागे येईना. नुसती मान डावीकडे वळवून खाली पाहत राहिली, जिथे रोज बुवा असत तिथे. टाच मारली तेव्हा ती उधळली आणि मला खांबाला घासत घरी घेऊन आली.

बुवांनी माझा सोललेला गुडघा पाहिला. मी चिडून बोललो, तर त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग तबेल्याच्या उंबऱ्यावर बसले.

"चूक माह्यी हाय. म्या तिले गाडीची सवय लावली नाई, माह्यी लावली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती चूक निस्तरायला घेतली. आता ते डावीकडे चालत नसत, दहा पावलं मागून चालत. दोन दिवसांनी वीस पावलं. आणि बोलायचं बंद. दिवसभरात ज्या एका जीवाशी ते बोलत, त्याच्याशीच त्यांनी अबोला धरला. मी वळून पाहायचो तर ते मान खाली घालून येत असायचे, ओठ हलत असायचे, आवाज नसायचा. मग एके दिवशी ते रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिले आणि आम्ही पुढे गेलो. त्यांच्याकडे पाहून मला कसंतरी झालं. पण मला वर जायची घाई होती, म्हणून मी फार विचार केला नाही.

शेवटच्या दिवशी ते तबेल्यातून निघालेच नाहीत. मला म्हणाले, जिनिंगपर्यंत जाऊन या, गाड्यांच्या मधून जा, आणि एकच ध्यानात ठेवा. ती मागे वळून पाहते का ते बघा. पाहिलं तर अजून पंधरा दिवस लागतील. नाही पाहिलं तर ती तुमची झाली.

रस्त्याच्या वळणावर घोडी थांबली. तिथे गाडी नव्हती, काहीच नव्हतं. तिनं मान पूर्ण वळवली आणि आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं. कान उभे होते. मी लगाम ओढला नाही. मग तिनं एक लांब श्वास सोडला आणि आपली आपण चालू लागली. पुढे चौदा-पंधरा गाड्या होत्या, ती त्यांच्यामधून अशी गेली जशी रोजचीच वाट आहे.

परत आलो तेव्हा बुवा तबेल्याच्या दारात उभे होते. गाड्यांचं विचारलंच नाही त्यांनी.

"मांगं पाह्यलं का तिनं?"

दोन दिवसांत हजर व्हा, असा हुकूम माझ्या खिशात होता. पंधरा दिवस म्हणजे साहेबांची बोलणी. शिवाय घोडी गाड्यांना भ्यालीच नव्हती, मग पाहिलं काय आणि न पाहिलं काय. खरं सांगायचं तर मला वाटलं, नाही म्हटलं की त्यांना आनंद होईल.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

त्यांनी लगाम माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, "मंग शायनी झाली. आता माह्यं काई काम नाई." त्या दिवशी त्यांनी तिचा खरारा फार वेळ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी खोगीर चढवून तयार होती, लगाम चपराशाच्या हातात होता आणि बुवा कुठे दिसले नाहीत.

वर घोडीनं मला कधी दगा दिला नाही. अस्वल आडवं आलं तेव्हाही ती जागची हलली नाही. पण कुठेही मुक्काम हलवताना ती आधी एकदा मागे वळून पाहायची. दर वेळी पाहायची, आणि दर वेळी मला माझ्या त्या एका शब्दाची लाज वाटायची. पत्र लिहावं म्हटलं तर बुवांना वाचता येत नव्हतं, आणि हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं पत्र नव्हतं. खाली जाऊ तेव्हा सांगू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

शेवटी परतवाड्याला आलो तेव्हा घोडीवरूनच आलो. बाजारापाशी लगाम सैल सोडला, तर ती आपणच त्यांच्या गल्लीत वळली. खोलीला कुलूप होतं. शेजारची एक बाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सांगितलं, मागच्या थंडीत बुवा गेले. दम्यानंच. घोड्यांचं काम त्यांनी त्या वर्षीच सोडून दिलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तेवढं सांगायचे की आपण तयार केलेली घोडी अशी शहाणी निघाली की जाताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. अभिमानानं सांगायचे, आणि मग दार लावून घ्यायचे.

मी त्या बाईला खरं काय ते सांगितलं. घोडीवरून उतरलोही नाही, तसंच सांगून टाकलं. तिचं सूप थांबलं.

"हे तवाच सांगाले पायजे होतं, भाऊ," ती म्हणाली.

घोडी कुलपाकडे तोंड करून उभी होती. मी टाच मारली नाही. ती आपणहून निघेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.