आकाराम वस्तादांचा एक मार्क

मंगळवार पेठेत कुस्तीची तालीम चालवणाऱ्या आकाराम वस्तादांनी कुणाला 'तब्येत बरी दिसते' असं म्हटल्याचं आजवर ऐकिवात नाही. माझ्या लग्नात मला आहेर देताना म्हणाले होते, "मांडवाच्या दांडीला धरून उभा ऱ्हा, वारं सुटलंय."

अशा माणसाच्या हाती निशिगंधानं माकडांच्या तब्येतीची वही दिली. निशिगंधा आमच्याच गल्लीतली, कॉलेजला. वस्ताद दर रविवारी जोतिबाला जातात, डोंगरावर माकडं आहेतच. त्यांना न्याहाळायचं आणि अंगापिंडाचे एक ते पाच मार्क मांडायचे. गावोगावची साधी माणसं अशा नोंदी करत होती आणि कॉलेजची पोरं त्यांचा हिशेब लावत होती. एक म्हणजे हाडं वर आलेली, तीन म्हणजे ठीकठाक, पाच म्हणजे लठ्ठ.

दोन वर्षं वस्तादांनी एक रविवार चुकवला नाही. पुतण्याच्या हळदीलाही वही घेऊन डोंगरावर.

नोंदी कॉम्प्युटरवर चढल्या आणि निशिगंधानं कपाळाला हात लावला. बाकी सगळ्यांची माकडं तीनच्या आसपास, जोतिबावर मात्र दुष्काळ! दोनच्या वर एकही नाही. काही 'दीड', एक बिचारं 'पाव'.

"ही वही वगळ," कॉलेजातले सर तिला म्हणाले. "शनिवारी अहवाल द्यायचाय."

ती तडक तालमीत आली. "वस्ताद, पाच कुणालाच कसे न्हाईत?"

"पाच म्हंजे पैलवान. दूध न्हाय, खुराक न्हाय, परसादाचं खोबरं खाऊन कुणाचं अंग भरलंय व्हय?"

"अन् हे पाव?"

"त्यो आजारीच हाय. खोकतोय."

वही टाकून द्यायला तिचं मन होईना. तिनं माकडांचे वीस फोटो काढले आणि वस्तादांना आणि वर्गातल्या पाच जणांना मार्क द्यायला लावले. दोन दिवसांनी तेच फोटो, पत्त्यांसारखे पिसून, पुन्हा. पोरांनी परवा चार दिलेल्याला आज दोन दिले. वस्तादांचा एक आकडा हलला नाही. वर पोरांना म्हणाले, "ह्यो परवाचाच की रं! उजवा कान फाटलाय, दिसत न्हाय?"

सरांनी स्वतःचे मार्क शेजारी मांडले. वस्ताद प्रत्येक वेळी बरोबर एकानं कमी. माणूस कंजूष, पण कंजुषी एकदम नेमकी! एक मार्क वाढवला की दोन वर्षांची वही सोन्यासारखी.

ही बातमी निशिगंधानं धावत येऊन सांगितली. वस्तादांचा चेहरा पडला.

"फुकटचा मार्क? माझ्या तालमीत सख्ख्या पोराला दिला न्हाई मी. त्यापरीस वही काढून टाक."

शुक्रवारची संध्याकाळ. सर तयार, आणि वस्तादच आडवे! पोरगी तालमीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "वस्ताद, सत्तावन्न किलोच्या गड्याला तुम्ही हिंदकेसरीच्या मापानं जोखता?"

"खुळी हाईस काय? ज्याचा त्याचा गट असतोय."

"मग माकडांचा गट कुठला?"

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

"मुद्द्याचं बोललीस. पण माझ्या वहीतला आकडा खोडायचा न्हाय. तुझा मार्क तुझ्या कागदावर, येगळा."

शनिवारी अहवालात तसंच मांडलं: एका रकान्यात वस्तादांचे मूळ आकडे, शेजारी वाढवलेले. सर म्हणाले, अगदी असंच करायचं असतं, आणि हे तुला कुणी शिकवलं? निशिगंधा म्हणाली, "आमच्या वस्तादांनी." वर्ग हसला. त्यांना विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मीही वस्तादांबरोबर डोंगरावर गेलो. फाटक्या कानाचं माकड कठड्यावर छाती काढून बसलं होतं. वस्तादांनी वही उघडली, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि बजावलं,

"कॉलेजात तीन मिळालं म्हणून फुगू नगंस. हितं दोनच हाईस."

मग पान उलटता उलटता माझ्याकडे बघितलं. मीही आपला छाती काढून उभा राहिलो.