आठवं मत

चंद्राबाई होवाळ सांगलीतल्या पक्ष कार्यालयात एकोणीस वर्षं कामाला होत्या. झाडलोट करायची, पाणी भरायचं, सतरंज्या घालायच्या, बैठकीला चहा द्यायचा. सत्तेतल्या पक्षाचं जिल्हा कार्यालय होतं ते. आमदार, साखर कारखान्याचे संचालक, बदलीसाठी आलेले मास्तर, सगळे त्या पायऱ्या चढून येत. चंद्राबाई त्या सगळ्यांना नावानिशी ओळखत. त्यांना नावानं हाक मारणारी माणसं मात्र दोन-चारच.

मी मूळचा वाईचा. ब्याण्णव साली सांगलीतल्या एका दैनिकात वार्ताहर म्हणून लागलो आणि रोज सकाळी प्रसिद्धिपत्रक आणायला त्या कार्यालयात जाऊ लागलो. मी पोचायचो तेव्हा चंद्राबाई खिडकीपाशी खाली बसून वर्तमानपत्र वाचत असायच्या. कार्यालयात पाच-सहा वर्तमानपत्रं येत. मंडळी जमायच्या आत त्या सगळी वाचून, घडी मोडली असं कुणाला कळू नये अशी परत ठेवून देत. त्यांचं माहेर आष्ट्याचं. छप्पन साली बापानं धम्म स्वीकारला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी बापानं त्यांचं नाव शाळेत घातलं. चौथीपर्यंत शिकल्या आणि लग्न झालं.

नवरा धोंडिराम मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा आणि पक्षाची सभा असली की कमानी बांधायला जायचा. पंच्याहत्तर साली एका मंत्र्याच्या स्वागताची कमान बांधताना तो वरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मुलगी दीपमाला तेव्हा तीन वर्षांची होती. पक्षानं सांत्वनाचा ठराव केला. पण नुसत्या ठरावावर भागणार नाही, त्या बाईला कार्यालयात काम द्या, असं म्हणून अध्यक्षांच्या मागे लागल्या त्या चारुलताबाई पेठे.

चारुलताबाई गावातल्या शाळेत शिक्षिका होत्या, पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ पक्षाचं काम करू लागल्या. निराधार बायकांचे अर्ज, रेशनकार्डं, गावातल्या विहिरीवरची भांडणं, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं. दुपारी कार्यालय रिकामं असलं की दोघी एकाच डब्यातलं खायच्या. मी हे पुष्कळदा पाहिलेलं आहे. चारुलताबाई ‘चंद्राबाई, तुमची चटणी आणा’ म्हणायच्या आणि दोघी मुलीच्या लग्नापासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळं बोलायच्या.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात जिल्हाध्यक्ष हृदयविकारानं वारले. तेरावं होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. चौदाव्या दिवशी मात्र सगळा जिल्हा बोलायला लागला. पुढचा अध्यक्ष कोण? एस. टी. स्टँडवर तेच, सलूनमध्ये तेच, कारखान्याच्या फाटकावर तेच. चार नावं चर्चेत होती. एक कारखान्याचे चेअरमन, एक माजी आमदार, एक मिरजेकडचे बँकेचे संचालक आणि चौथे गेलेल्या अध्यक्षांचे पुतणे. वाळव्याला किती वर्षं मिळालं आणि दुष्काळी तालुक्यांना एकदाही का नाही, मुंबईत कुणाचं वजन आहे, निवडणूक वर्षभरात आली आहे तर मतं कोण ओढील, लोकांना याखेरीज विषय नव्हता.

संपादकांनी चौकट काढायची ठरवली. आठ सामान्य माणसं, त्यांचे फोटो आणि प्रत्येकाचं मत. मी रिक्षावाला गाठला, कापड दुकानदार गाठला, निवृत्त तलाठी, हळदीचा व्यापारी, शिंपी, प्राध्यापक, पैलवान. सात झाले. सगळ्यांनी त्या चारांतलीच नावं घेतली. आठवा माणूस राहिला आणि संध्याकाळी पान लागायचं होतं.

दुपारी कार्यालयात गेलो तर कुणीच नव्हतं. चंद्राबाई फडक्यानं खुर्च्या पुसत होत्या. मी सहज विचारलं, “चंद्राबाई, तुमच्या मते कोण व्हावं अध्यक्ष?”

“माझं मत इचारताय व्हय?” त्यांनी फडकं खाली ठेवलं. थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, “चारुलताबाईंना करावं.”

“का?”

“आवं, हितं येत्यात त्यातली निम्मी खुर्चीसाठी येत्यात, निम्मी कामासाठी. कामासाठी येणारा माणूस पयला बाईंना शोधतो. त्या नसल्या तर माघारी जातो, दुसऱ्या कुणाला सांगत न्हाई. एकोणीस वरीस बघत्ये मी. आता जिल्हा परिषदेत बायकांना जागा राखीव झाल्यात म्हणं पेपरात. मग हितं का नगं?”

मी लिहून घेतलं. मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. म्हणाल्या, “शौनकराव, छापणार असला तर बाईंना आदी इचारा. त्यास्नी चाललं तर छापा.”

मी हो म्हणालो. फोटोग्राफर खालीच होता, त्याला वर बोलावलं. चंद्राबाई पदर सारखा करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

चारुलताबाई त्या दिवशी जतकडे गेल्या होत्या. मी त्यांच्या घरी एकदा फोन केला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा मी केलाच नाही. खरं सांगायचं तर त्या नको म्हणतील ही भीती होती. असं मत मला दुसरं कुठं मिळणार होतं? मी ते तसंच दिलं. उपसंपादकानं ते आठव्याचं पहिल्या जागेवर घेतलं आणि वर मथळा टाकला, ‘पक्ष कार्यालयातूनच आवाज : बाईंना अध्यक्ष करा’.

सकाळी चहाच्या गाड्यांवर लोक तो फोटो एकमेकांना दाखवून हसत होते. कार्यालयात कुणी हसत नव्हतं. कार्यालय सचिव बाळासो चेअरमनच्या गटातले. त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं आणि म्हणाले, “ही चंद्राबाई सोताच्या डोक्यानं बोलती व्हय? बाईंनी पढवून बसवलीय. वरनं साध्या दिसत्यात.”

दुपारपर्यंत ही गोष्ट चारही गटांना पटली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे चौघे त्या दिवशी एकाच गाडीतून फिरले. पक्षाचे निरीक्षक मुंबईहून यायचे होते, त्यांच्याकडे आधीच फॅक्स गेला. चारुलताबाईंना येत्या निवडणुकीत विधानसभेचं तिकीट मिळेल अशी थोडी आशा होती, आणि ते चंद्राबाईंनाही ठाऊक होतं.

मी चारुलताबाईंच्या घरी गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या ओसरीवर उभ्या राहूनच ऐकत होत्या. म्हणाल्या, “विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते.” मी खुलासा छापतो म्हणालो. “छापा,” म्हणाल्या, आणि आत गेल्या. खुलासा चार ओळींचा, आतल्या पानावर आला. कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

रविवारी निरीक्षकांनी कार्यालयात बैठक घेतली. सगळे तालुके आले होते. दारं उघडीच होती, आम्ही वार्ताहर मागच्या बाकावर. बाळासोंनी उभं राहून विषय काढला. कार्यालयातल्या नोकरांकडून प्रचार करून घेतला जातोय, हे शिस्तीत बसतं का? निरीक्षकांनी चारुलताबाईंकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं आहे?”

चारुलताबाई उठल्या. त्याच क्षणी मागच्या दारातून चंद्राबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. चारुलताबाईंनी त्यांना पाहिलं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

“मी कुणालाही काही सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी इच्छुक नाही. आणि शिपाई बाई काय बोलते याला पक्षानं किती महत्त्व द्यायचं, हे आपणच ठरवावं.”

लोक हसले. निरीक्षकही हसले. चंद्राबाई दारात थांबल्या होत्या, त्या पुढे आल्या. पहिला कप निरीक्षकांना दिला, मग रांगेनं सगळ्यांना. चारुलताबाईंच्या खुर्चीपाशी आल्या तेव्हा त्यांनी कप घेतला, वर पाहिलं नाही. आमच्या बाकापर्यंत येऊन चंद्राबाईंनी मलाही चहा दिला. त्यांचा हात नेहमीसारखा स्थिर होता. मी तो कप तसाच बाकाखाली ठेवून दिला.

सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना बाळासोंनी सांगितलं. चारुलताबाई काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी मुंबईहून नाव जाहीर झालं. ते त्या चारांतलं नव्हतंच. एवढे दिवस कुणीही न घेतलेलं पाचवंच नाव होतं. गावानं दोन दिवस आश्चर्य केलं आणि मग पावसाचं बोलायला लागलं.

मी चंद्राबाईंच्या घरी गेलो. मार्केट यार्डाच्या पलीकडे वस्ती, विहाराच्या मागची खोली. जयभीम केला, त्यांनी बसायला पाट दिला. मी माफी मागायला आलो होतो.

“आवं, तुमी इचारलं, मी सांगितलं,” त्याच म्हणाल्या. “खोटं कुटं सांगितलं? आजबी तेच सांगीन.”

“पण तुम्ही म्हणाला होता, बाईंना आधी विचारा.”

“म्हणलं हुतं.” त्यांनी एवढंच म्हटलं. मग, जणू माझ्याशी नव्हे, “त्यास्नी लय अवघड झालं आसंल. चारचौघांत काय म्हणणार? पर मला नाव हाय की वो. नावानं म्हणायचं. चंद्राबाई काय बोलती त्याला महत्त्व नगा देऊ, आसं म्हणायचं. चाललं आसतं मला.”

त्या रडत नव्हत्या. त्या चुलीपाशी बसून खालच्या जमिनीवर बोटानं रेघा ओढत होत्या. दहा मिनिटांनी मी उठलो. त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली, पक्षाची सत्ता गेली. चारुलताबाईंना तिकीट मिळालं नाही. कार्यालयात माणसं येईनाशी झाली. चंद्राबाई सांगली सोडून पाचगणीला लेकीकडे गेल्या. दीपमाला तिथल्या एका निवासी शाळेत मुलांच्या आजारपणाचं बघायची. चंद्राबाईंनाही तिथं कपड्यांच्या विभागात काम मिळालं, असं कळलं. मी वाईला घरी जायचो तेव्हा पाचगणी जेमतेम तासाभरावर. अडीच-तीन वर्षांत मी एकदाही वर गेलो नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत चारुलताबाई आमच्या कचेरीत आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. “चंद्राबाईंचा पत्ता आहे तुमच्याकडे? मला जायचं आहे. एकटीला धीर होत नाही.”

आम्ही पहाटेची गाडी धरली. सातारा, वाई, मग पसरणीचा घाट. पाचगणीत ऊन असूनही गारठा होता. शाळेच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या. दीपमालानं दार उघडलं. तिनं चारुलताबाईंना लगेच ओळखलं.

“आई दिवाळीच्या आधी गेली,” ती म्हणाली. “कावीळ झाली होती. साताऱ्याला नेली, पण उशीर झाला.”

चारुलताबाई पायरीवरच बसल्या. दीपमालानं त्यांना हाताला धरून आत घेतलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चंद्राबाईंचा फोटो होता, खिडकीपाशी उभ्या असलेल्या. तो आमच्याच फोटोग्राफरनं काढलेला होता. दुसरा फोटो त्यांचा नव्हताच, दीपमाला म्हणाली, म्हणून आमच्या कचेरीतून मागवून घेतला. मला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

“माझ्याबद्दल काही बोलायच्या का?” चारुलताबाईंनी विचारलं.

“बोलायची की. तुम्ही वेळेवर जेवत नाही म्हणायची. आता कोण आठवण करत असेल, म्हणायची.”

“आणि रागाचं काही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

दीपमालानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुम्ही याल असं तिला वाटायचं. पहिली दोन वर्षं वाटायचं. मग वाटायचं बंद झालं.”

चारुलताबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. दीपमालाला कामावर जायचं होतं, तरी तिनं आम्हाला घाई केली नाही.

परत येताना चारुलताबाईंना घाट सोसला नाही. वाईला मी त्यांना घरी नेलं. आईनं मऊ भात केला, त्यांनी दोन घास खाल्ले. सकाळी मी त्यांना सांगलीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, “तुम्ही याबद्दल लिहाल कधी तरी. लिहा. माझं नाव बदलू नका.” गाडी निघून गेली.