श्वापदाचे डोळे

संगणकावरच्या खेळात मी त्या सहा पायांच्या श्वापदाला शेकडो वेळा मारलं होतं. बटण दाबलं की भाला घुसायचा, रक्त उडायचं आणि धूड नाहीसं व्हायचं. तेच श्वापद मी आमच्या रविवारच्या खेळासाठी कागदावर उतरवलं. हा खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकून, बोलून खेळायचा. काय करायचं ते खेळणाऱ्यानं सांगायचं, पुढे काय झालं ते मी.

माझी मैत्रीण स्मिता हिचा फासा चांगला पडला. ती ओरडली, "भाला पोटात खुपसते!"

मी सांगू लागलो. कातडी फाटली, आतडी बाहेर आली, मागचे पाय घासत ते भिंतीकडे सरकलं.

"मेलं ना?"

"नाही अजून. श्वास चालू आहे."

पडद्यावर क्षणात उरकणारं मरण इथे मला शब्दाशब्दानं घडवावं लागत होतं.

"मी त्याच्याजवळ बसते," स्मिता हळूच म्हणाली. "त्याचे डोळे झाकते, आणि गळा चिरते."

मी कागदाकडे पाहिलं. नखं, दात, शेपटीचा फटका, सगळं लिहिलं होतं. डोळ्यांबद्दल एक शब्दही नव्हता.