अठ्ठावीस नंबरचं बीळ

आमचे लवू भावोजी अजून रोज ओहोटीला भाट्याच्या खाडीत जातात. ओहोटी सकाळची असो की भर दुपारची, डोक्यावर पंचा टाकून चिखलाच्या काठाला उकिडवे बसतात. पगार नाही, कोणी सांगितलेलं नाही. आमच्या मांडवीतली माणसं म्हणतात, लवूचं डोकं फिरलं. म्हणोत मेले! डोकंबिकं काही फिरलेलं नाही. ते का जातात ते मला माहीत आहे, आणि त्यात माझा हात किती आहे तेही मलाच माहीत आहे.

लवू माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते, माझ्या हातची भाकरी खाऊन वाढले. पुढे ट्रॉलरवर जायला लागले. एक्क्याऐंशी साली जाळं ओढताना विंचेच्या दोरात उजवा हात सापडला आणि मनगटापासून गेला. वय चोवीस. साखरपुडा झालेला होता, मिऱ्यावरच्या चिमाशी. मे महिन्यात लग्न.

साखरपुड्याचा नारळ आमच्या घरात लग्नापर्यंत देव्हाऱ्यात ठेवतात. सासूबाई नव्हत्या, आमचे हे बोटीवर, म्हणजे घरात मोठी मीच. मी विचार केला, एका हाताच्या माणसाच्या गळ्यात त्या पोरीला कशाला बांधायची? त्यांनी नाही म्हणायच्या आत आपणच मोकळं करावं, तेवढाच आपला मान राहील. भावोजी इस्पितळात होते. त्यांना विचारलं नाही. नारळ उचलला आणि मिऱ्यावर जाऊन चिमाच्या बापाच्या, रावजींच्या हातात दिला. म्हातारा हात जोडून रडला. दाराआड बांगड्या वाजल्या, एवढंच. मी चहाही न घेता उठले. चार घरांत माझं नाव झालं, मालन मोठ्या मनाची म्हणून. चिमाला त्याच मे महिन्यात पावसकडे दिली.

भावोजी घरी आले ते पहिल्यांदा देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. नारळ नाही हे त्यांनी बघितलं. मी चुलीशी होते, मी पण बघितलं त्यांनी बघितलेलं. ते काही बोलले नाहीत, आणि मला बरंच वाटलं, चला, सुटले सांगण्यातून.

दोन वर्षं ते नुसते पडवीत बसून होते. मग त्र्याऐंशीत दमयंतीबाई आल्या. पुण्याच्या, कॉलेजात शिकवायच्या आणि वर पीएचडी करायच्या. आमच्या माडीवरच्या खोलीत राहिल्या. शिकायचं काय, तर खाडीच्या चिखलातल्या बारीक कुर्ल्या! नखाएवढ्या, कालवणाला सुद्धा उपयोग नाही. मी हसले तर त्यांनी मला बसवून समजावलं. नराचा एक डेंगा, म्हणजे नांगी, केवढा मोठा असतो, दुसरा इवलासा. मोठा डेंगा वरखाली हलवत नर आपल्या बिळाशी उभा राहतो. मादी फिरते, चार बिळांत डोकावते, पसंत नाही पडलं तर पुढे जाते. पडलं तर आत शिरते, आणि नर चिखलाने वरून दार लावून घेतो.

"अगो बाई! म्हणजे तुमच्या कुर्ल्यांत पोहे खायला नवरीच फिरते?"

"नवरीच, मालनताई. निवडायचं तिनेच. ती काय बघून निवडते, एवढंच मला शोधायचं आहे."

त्यांना ओहोटीभर चिखलात बसणारं माणूस हवं होतं. भावोजींना घेतलं. डाव्या हाताने लिहायला बाईंनीच शिकवलं. कुर्ल्यांच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर घालायचे, बिळाशेजारी कळकाची काडी रोवायची, आणि कोणाकडे किती माद्या आल्या ते वहीत लिहायचं. काय सांगू, माणूस परत माणसांत आलं! जेवताना चार नंबरची भांडणं, अकरा नंबरची घमेंड, नुसती कुर्ल्यांची गजाल. अठ्ठावीस नंबरचा मोठा डेंगा तुटलेला होता. भावोजी म्हणाले, "वयनी, हा आपल्या घरातला." आणि स्वतःच हसले. दोन वर्षांनी हसले.

असे तुटक्या डेंग्याचे पाच-सहा नर बाईंनी मुद्दाम वहीत धरले होते. त्यांच्याकडे मादी जाते का, हेच बघायचं होतं. तीन महिने कोणाकडे एकही गेली नाही. आणि मग बाईंना ताप आला आणि दोन दिवस त्या खोलीतून खाली उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भावोजी धावत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, पायसुद्धा धुतले नाहीत.

"वयनी, गेली! अठ्ठावीसच्या बिळात गेली! शेजारचे दोघे डेंगे हलवीत होते, त्यांच्याकडे बघितलंन पण नाही. सरळ आत गेली, आणि त्याने एकाच डेंग्याने दार लावून घेतलंन!"

वहीत लिहिलेलंच होतं. तारीख, वेळ, सगळं.

बाईंचे पीएचडीचे सर मुंबईहून आले, वही चाळली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. हे कोणी बघितलं? फक्त लवूने. लवूचा हात बघितलात ना, मग त्याने असं का लिहिलं ते वेगळं सांगायला नको, असं ते म्हणाले. एक ओळ मनाची असेल तर सगळी वहीच संशयाची.

बाई संध्याकाळी माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या. डोळे लाल. "मालनताई, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. ते असं लिहितील?"

मी भाकरी थापत होते. खरं तर भावोजींनी जन्मात थाप मारलेली नाही. पण माझ्या तोंडातून काय आलं? "खोटं नाही हो लिहायचे. पण मनाला वाटलं ते दिसलं असेल बिचाऱ्यांना. बिनहाताच्याकडे कोण जातंय?"

मागल्या दारात बादली वाजली. भावोजी पाणी घेऊन उभे होते.

बाईंनी ती ओळ तांबड्या शाईने खोडली. पुढे सगळी वहीच बाद झाली, पहिल्यापासून काम करायला त्या दुसऱ्या खाडीवर गेल्या. जाताना भावोजींच्या पाया पडल्या. भावोजी म्हणाले, "बाई, मी बघितलं ते लिहिलं." एवढंच. त्यानंतर बर्फाच्या फॅक्टरीत राखणीची नोकरी धरली, आणि ओहोटीला खाडीत जाणं काही सोडलं नाही. पुन्हा एकदा तसं घडलं तर कोणाला तरी हाताला धरून दाखवायचं, एवढ्यासाठी.

यंदा, म्हणजे सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर, एसटी स्टँडवर मला चिमा भेटली. कडेवर मुलगी. मी ओळखलंच नाही, तीच पुढे आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारते, "थंडीत हात दुखतो का त्यांचा?"

मी म्हटलं, "दुखतो गो."

"तुम्ही आलात त्या दिवशी मी दाराआड चहा गाळत होते. वाटलं, तारीख धरायला आलात. कप भरून बाहेर आले तर तुम्ही गेलेल्या." गाडी लागली, तिने पिशवी उचलली. "मला कोणीच विचारलं नाही वयनी. मी आले असते."

मी घरी कशी आले ते मला ठाऊक नाही. भावोजी पडवीत गुडघ्यांत पेन्सिल धरून टोक काढत होते. मी समोर बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. म्हटलं, "भावोजी, अठ्ठावीस नंबरचं तुम्ही खरंच लिहिलं होतंत. मीच मेली आंधळी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नारळ तुम्ही नेलात?"

"मीच. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, चिमाने मागवून घेतला."

सहा वर्षं. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, सहा वर्षं त्यांना हेच वाटत होतं, आणि मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले. वहिनी आईच्या जागी, तिने पाय धरायचे नसतात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओहोटी साडेअकराची होती. भावोजी पंचा घेऊन निघाले. मी चुलीवरचं उतरवलं, दाराला कडी घातली आणि त्यांच्या मागोमाग गेले.